कॉन्टेसाचा पत्रा: ऐरोलीतल्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गाडी आली. मामाच्या कळव्याच्या इमारतीखाली चारही टायर बसलेले, छपरावर कबुतरांचा मुक्काम, अशा अवस्थेत उभी होती. रात्री वाहतूक ओसरल्यावर टोइंगवाल्याने विटाव्यामार्गे ऐरोलीला आणली आणि आमच्या रो-हाउसच्या बाजूच्या पट्टीत ढकलून दिली. कोपऱ्याचं घर असल्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. गाडी साडेचार मीटरहून लांब. फाटक लागतं, पण फाटक आणि बंपर यांच्यामधून माणसाला आडवं होऊनच जावं लागतं. आईने लगेच विचारलं, "गॅसवाला सिलिंडर कुठून आणणार?"

हिंदुस्थान कॉन्टेसा क्लासिक, १.८ पेट्रोल, १९९० ची, एमएच-०४. या नोंदी फक्त बॉडीच्या.

येणारा-जाणारा प्रत्येक जण गाडीची कुळी विचारतो, म्हणून एकदा लिहून ठेवतो. हिचा सांगाडा मूळचा व्हॉक्सहॉल व्हिक्टर एफईचा, १९७२ साली आलेल्या ब्रिटिश गाडीचा. तिकडे ती बंद झाल्यावर साचे हिंदुस्थान मोटर्सने घेतले आणि १९८४ पासून उत्तरपाड्याच्या कारखान्यात कॉन्टेसा बनायला लागली. सुरुवातीला बॉनेटखाली अ‍ॅम्बॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं. पुढे इसुझूचं १.८ आलं, ८८ हॉर्सपॉवर आणि पाच गिअर, तेव्हा कुठे चढावर गाडीला धाप लागायची थांबली. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं. लांब बॉनेट, मागच्या चाकांवर फुगलेले मडगार्ड आणि रिअर व्हील ड्राइव्ह, एवढ्या भांडवलावर तिला 'भारताची मसल कार' म्हणतात. खऱ्या मसल कारशी तुलना करायची तर १९६४ च्या अमेरिकन पाँटिअ‍ॅक जीटीओत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-एट होतं आणि ताकद ३२५ हॉर्सपॉवर. आमच्या बाईंचे दंड सगळे पत्र्यातच आहेत. म्हणजे पत्रा गेला की काहीच उरत नाही.

१७ नोव्हेंबर

मी रबाळ्याला प्रेस पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. रंगाची जाडी मोजायचं गेज रजिस्टरवर सही करून रविवारपुरतं घरी आणलं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर साधारण १०० ते १२० मायक्रॉन रंग असतो. छपरावर २४०, बॉनेटवर ३१०. म्हणजे एकदा पूर्ण रंग मारलेला आहे, ठीक. डाव्या मागच्या मडगार्डवर गेजने हात टेकले. ते १२५० मायक्रॉनपर्यंतच मोजतं, म्हणजे तिथे सव्वा मिलिमीटरहून जाड काहीतरी बसलंय. दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या सिलवर पुढून मागेपर्यंत तेच.

मग फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवलं. मडगार्डच्या कमानीवर ते धरून सोडलं की सरळ खाली पडतं. गेज नसलेल्यांनी जुनी गाडी घेताना एवढं एक चुंबक खिशात ठेवावं, विक्रेत्याच्या गोड बोलण्यापेक्षा जास्त कळतं.

२४ नोव्हेंबर

सीटा, कार्पेट, दारांची आतली पॅडं, छपराचं कापड, सगळं उतरवलं. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करने जागा, आणि उतरवण्याआधी फोटो. वायरिंगला हात लावला नाही, फक्त गुंडाळून छताला टांगलं.

मागच्या सीटच्या पाठीमागे, जिथे कुणी रंग मारायला जात नाही, तिथे मूळ रंग सापडला. मरून. मामाने गाडी घेतल्यावर वर्षभरात पांढरी करून घेतली होती, कारण साहेबाची पांढरी होती.

८ डिसेंबर

आजचा दिवस महत्त्वाचा.

पुढची काच उतरवली. तीस-पस्तीस वर्षांचं रबर कापूनच काढावं. रबर वाचवायला गेलं की काच जाते. काचेखाली, बॉनेटच्या मागे, केबिनला बाहेरची हवा मिळावी म्हणून जाळी असते आणि जाळीच्या आत पन्हाळ. पन्हाळीत पडलेलं पाणी दोन टोकांच्या भोकांतून खाली रस्त्यावर जायला हवं. हात घातला तर मनगटापर्यंत काळा, ओला, दाबून बसलेला थर. ओंजळीत घेऊन उन्हात पसरला तेव्हा ओळखू आला: गुलमोहर. त्याची पानं इतकी बारीक की जाळीच्या फटीतून सहज आत जातात आणि तिथे कुजून भोकाला बूच बसतं. कळव्याच्या त्या इमारतीखाली गाडी गुलमोहराच्या सावलीत उभी असायची, आणि मामाला त्या सावलीचं फार कौतुक होतं.

पुढचं सगळं आपोआप कळलं. भोक बंद, म्हणून पन्हाळ भरते. पन्हाळ भरली की पाणी हीटरच्या तोंडातून केबिनमध्ये उतरतं, कार्पेटखालच्या फेल्टमध्ये मुरतं आणि तिथून उताराने सिलकडे जातं. चालवणाऱ्याला वरून काही दिसत नाही, फक्त पावसाळ्यात कुबट वास येतो, आणि त्यावर लोक डॅशबोर्डवर अत्तराची बाटली ठेवतात.

मधे कधीतरी एका गॅरेजने फ्लोअरला खालून पत्र्याचे चौकोन मारले होते आणि वर डांबरासारखं जाड कोटिंग फासलं होतं. पाणी वरून येत होतं आणि बंदोबस्त खालून झाला. त्यामुळे ते दोन पत्र्यांच्या मधेच अडकलं आणि मूळ फ्लोअर दोन्ही अंगांनी खाल्लं गेलं. गाडी जुनी झाली म्हणून एवढी सडली नाही, त्या दुरुस्तीने सडली.

यापुढे प्रत्येक जोडाला हाच प्रश्न: इथे पाणी कुठून येईल आणि कुठून जाईल.

१५ डिसेंबर

वागळे इस्टेटच्या गॅरेजांमध्ये ज्यांनी हयात घालवली ते डेंटर काका आज येऊन गेले. हल्ली काम घेत नाहीत, गुडघे गेलेत. मामाची ओळख म्हणून आले. चहा बाजूला ठेवून आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पूर्ण गाडी ठोकत फिरले. पत्रा टणटणतो, लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थपथपते. मग खाली चटई टाकून, गुडघ्यांना शिव्या देत, गाडीखाली गेले आणि तिथूनच म्हणाले, "वरचं काम कुणीपण करील हो. आधी हिला बसू देऊ नका."

बसू देऊ नका म्हणजे काय ते पुढच्या नोंदीत.

२९ डिसेंबर

कॉन्टेसाला वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, सिल, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा कणा. दारांखालचं सिल ही त्यातली पोकळ तुळई: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे पोकळी. ते कापलं की गाडी मधून वाकते, आणि वाकलेली असताना नवं सिल लावलं तर ती कायमची वाकडी. मग दार कडीत बसत नाही आणि पुढची काच कोपऱ्यातून तडकते.

म्हणून आधी आधार. २५ मिमीच्या चौकोनी पाइपचे त्रिकोण करून चारही दारांच्या चौकटीत तुटक टाके घालून वेल्ड केले, शिवाय डाव्या-उजव्या खांबांमध्ये एक आडवा पाइप. घोड्या, म्हणजे गाडी उचलून धरणारे स्टँड, सस्पेन्शनच्या जागी लावल्या, म्हणजे बॉडीवरचा भार चालत्या गाडीत जिथे येतो तिथेच येईल. मग मापं: दोन्ही चौकटींचे कर्ण, दारांच्या चारही बाजूंच्या फटी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. कागदावर ते २६६७ मिमी आहे. आमच्याकडे डावीकडे तेवढंच, उजवीकडे दोन मिमी कमी. एवढ्याला हरकत नाही. सगळे आकडे खडूने भिंतीवरच लिहिले, वही सापडत नाही ऐन वेळी.

एका वेळी एकच बाजू कापायची, यावर काकांचं आणि माझं एकमत.

१२ जानेवारी २०२५

उजवं सिल उघडलं. आधी वरची लांबी तासली, तर काही ठिकाणी तिच्याखाली पत्राच नव्हता. वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर फायबरची जाळी, त्यावर लांबी, त्यावर रंग. बोळ्यावरचं अर्धं राशिभविष्य वाचता येत होतं.

कटिंग व्हीलने बाहेरचा पत्रा वरच्या काठापासून दोन बोटं खाली, पुढून मागेपर्यंत कापला. काठ मुद्दाम ठेवला, नवा पत्रा कुठे बसवायचा त्याची तीच एक खूण. पत्रा ओढून बाजूला केला तर पोकळीत गाळ. राखाडी, कोरडा, बोटांमध्ये कण लागू नये इतका बारीक, आणि त्यात गोळ्यांच्या पाकिटाचा एक चंदेरी तुकडा. आतल्या पत्र्यावर गाळाची रेघ अगदी आडवी, पट्टी लावून काढल्यासारखी. रेघेच्या वर गंज वरवरचा. रेघेच्या खाली पत्र्याची चाळण.

मामाला फोन केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कालिना. सव्वीस जुलै."

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. मामाने गाडी कालिन्यात सोडली आणि चालत निघाला. पाणी ओसरल्यावर गाडी मिळाली, इंजिन खोललं, सीटा बदलल्या, आठवडाभर उन्हात वाळवली. सिलच्या आत कोण बघतो? गाळ तिथेच राहिला, दर पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पीत राहिला आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते धरून ठेवत राहिला. तळाची निचऱ्याची भोकं त्यानेच बुजवली होती.

परात भरून गाळ निघाला. आतला पत्रा साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला, कारण मिठी नदीचं पाणी भरतीचं. खड्ड्यांत मीठ राहिलं तर कुठलाही प्रायमर टिकत नाही. मग ब्लोअरने सुकवला.

१९ जानेवारी

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगार बाजारात. कॉन्टेसाचं सिल विचारल्यावर लोक हसतात. डाव्या बाजूचा मागचा दिवा अखंड मिळाला आणि दारांची दोन हँडलं. पत्र्याचं घरीच करायचं.

२ फेब्रुवारी

१.२ मिमीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणला, आठ बाय चार फुटी शीट. वजन २८ किलो, रिक्षात बसत नाही. दुकानदार साधा 'डी' ग्रेड देत होता, मी आयएस ५१३ या भारतीय मानकातला 'डीडी' मागून घेतला. नुसत्या घडीला 'डी' चालतो, पण मडगार्डच्या कमानीला पत्रा ताणावा लागतो, तिथे मऊ ग्रेडच हवा. अनेक जण सांगतात, जीआय (जस्त चढवलेला पत्रा) लाव, गंजायचा प्रश्नच नाही. जीआयवरचं जस्त वेल्डिंगच्या जागी जळून जातं, म्हणजे जिथे संरक्षण हवं तिथेच ते उरत नाही. वर टाक्यात बुडबुडे राहतात आणि त्या धुराने रात्री ताप भरतो तो वेगळाच.

जुन्या सिलच्या सर्वांत धड तुकड्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापला. रबाळ्यातल्या एका ओळखीच्या प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा दुमडायच्या मशीनवर, घड्या मारून घेतल्या. मूळ सिलचा कोपरा गोलसर आहे, आणि प्रेस ब्रेकचं नेहमीचं टूल धारदार घडी देतं. रंगावर उन्हाची तिरीप पडली की ती घडी लगेच परकी दिसते. म्हणून जाड नाकाचा पंच लावायला लावला. ऑपरेटर वैतागला, पण काम झकास.

१६ फेब्रुवारी

उजवं सिल वेल्ड झालं.

आधी दारं परत टांगली, फटी भिंतीवरच्या आकड्यांशी जुळवल्या, सिल व्हाइस ग्रिपने धरलं, पुन्हा दारं उघडून-मिटून पाहिली, मग पहिला टाका. कारखान्यात इथे स्पॉट वेल्ड होते. घरी त्याला पर्याय म्हणजे वरच्या पत्र्याला ८ मिमीची भोकं पाडायची आणि भोकातून खालच्या पत्र्यावर टाका भरायचा. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसतात तिथे आधी जिंकचा स्प्रे, आणि टाक्याच्या जागी तेवढाच खरवडून मोकळा. ०.८ ची तार, सीओटू गॅस. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, तिसरा मधे. एका ओळीत मारत गेलं की उष्णता साठते आणि पत्रा लाटा मारायला लागतो.

खाडीवरून दुपारी वारा सुटतो आणि टाक्यावरचा गॅस उडवून नेतो, टाका काळा आणि छिद्रांचा होतो. ताडपत्री बांधून आडोसा केला. वेल्डिंग मशीन आणि गीझर एकत्र चालले की घरातला एमसीबी पडतो. आता आंघोळीचं वेळापत्रक आई ठरवते आणि वेल्डिंगचं पण.

नव्या सिलला तळात निचऱ्याची भोकं मूळ जागी, पण थोडी मोठी.

९ मार्च

डावं सिल झालं, त्यात गाळ कमी निघाला. दोन्हीकडचं फ्लोअरही, पाय ठेवायच्या जागेपासून सीटच्या आडव्या पट्टीपर्यंत. जुने चौकोन आणि डांबर काढण्यातच निम्मा वेळ गेला. डांबर गरम केलं की चिकटतं. हिवाळ्यातल्या सकाळी थंड असताना छिन्नीने टवके उडाले असते. मार्चमध्ये ती सोय नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

काम नाही. मामा श्रीखंड घेऊन आला, नव्या फ्लोअरवर उभा राहून हळूच उडी मारून पाहिली.

१३ एप्रिल

शेजारच्या काकूंच्या कुरडया गच्चीवर वाळत होत्या, म्हणून ग्राइंडर दुपारी चारनंतर. हे योग्यच आहे, ग्राइंडरची धूळ कुणाच्या पोटात जायला नको.

डाव्या मागच्या मडगार्डवर लांबी कुठे कुठे नऊ मिमी निघाली. खाली पत्रा गंजलेला नव्हताच, नुसता पोचा होता. कुणीतरी मागून ठोकून तो बाहेर काढण्याऐवजी वरून भरून टाकला. असं भरणं मला पटत नाही. तासाभराच्या हातोडीच्या कामाला लांबीचा डबा हे उत्तर नाही.

मडगार्डचा आतला भाग डिकीतून हाताला लागतो. एका हातात डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) आतून, दुसऱ्या हातात हातोडी बाहेरून, आणि ठोका डॉलीवर नाही तर तिच्या शेजारी. पोचा जसा आत गेला त्याच्या उलट क्रमाने बाहेर येतो: शेवटी वाकलेली कड आधी सोडवायची, मधला खड्डा सर्वांत शेवटी. मधेच एक हातभर जागा भाकरीसारखी फुगली, दाबली की टक् करून आत, सोडली की टक् करून बाहेर. तिथला पत्रा ताणला गेला होता. काका फोनवर म्हणाले, "तापवून रडवा त्याला." म्हणजे फुगवट्याच्या मध्यावर रुपयाएवढी जागा लाल होईपर्यंत तापवायची, भोवतीने हलके ठोके, आणि ओल्या फडक्याने थंड करायची. तापताना ती जागा फुगू पाहते, पण भोवतीचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, म्हणून ती जाड होते. निवताना आकसते आणि ताण ओढून घेते. दोन-तीन ठिकाणी केल्यावर टक् बंद झालं. तळहात डोळे मिटून फिरवला तर अजून एक लाट लागते. ती लांबीखाली जाईल, एक मिमीच्या आत.

४ मे

बिजागऱ्या, ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे असे लहान भाग सोड्याच्या पाण्यात. धुण्याचा सोडा, प्लॅस्टिकचं पिंप, बॅटरी चार्जर: भाग ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. स्टेनलेसचा चमचा धन टोकाला लावायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नये. त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतं. भागावरून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, म्हणून पिंप उघड्यावर आणि जवळ काडी नाही.

१८ मे

पूर्ण बॉडीला एपॉक्सी प्रायमर. या महिन्यात अवकाळी सरी येऊन गेल्या, त्यामुळे उघडा पत्रा ठेवून झोप लागत नव्हती. ऐरोलीत खाडी जवळ. सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळी पिवळा पडतो.

खड्ड्यांतल्या गंजाला फॉस्फोरिक अ‍ॅसिड लावून, ते पाण्याने नीट धुऊन, गरम हवेने सुकवून मगच एपॉक्सी. अ‍ॅसिडचा अंश राहिला तर एपॉक्सी धरत नाही, सालपटासारखी निघते. आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर हवं. दुपारी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २७ च्या आसपास, म्हणजे चालतं. पहाटे पत्रा स्वतःच २७-२८ वर असतो, हात फिरवला की ओल लागते. म्हणून सकाळची घाई न करता अकरानंतर सुरुवात केली. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा सापळा लावला होता, तो अर्ध्या तासात अर्धा भरला. ते सगळं पाणी रंगात गेलं असतं.

सिलच्या आतही लांब नळीच्या नोझलने मारली.

२६ मे, सोमवार

मॉन्सून मुंबईत दाखल. नेहमीची तारीख ११ जून. गाडी एका रंगाची, करडी, ताडपत्रीखाली सुखरूप.

१३ जुलै

पावसाळ्यात रंगाचं काम नाही. दारं घेतली. बिजागरीची पिन झिजली की दार लोंबतं, आणि लोंबणारं दार आपटून बंद करायची सवय लागते. नवे पितळी बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) लेथवर करून घेतले. आता दार दोन बोटांनी लागतं, आणि कडीचा आवाज असा की मामाने पाच-सहा वेळा उगाच उघडलं-मिटलं.

दारांच्या तळाची निचऱ्याची भोकंही रंगाने बुजलेली होती. ती उघडली.

२४ ऑगस्ट

दोन विषय कागदाचे.

केंद्राने या महिन्यात वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढवलं. मोटारीला १०,००० रुपये. ग्रीन टॅक्स वेगळा. 'व्हिंटेजमध्ये टाक की' असं सांगणाऱ्यांसाठी: २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. ही तिथे २०४० मध्ये पोचेल.

दुसरा विषय रंग. मामाला पांढरा हवा. आरसी बुक काढलं तर त्यात रंग 'मरून'च लिहिलेला. पांढरी केली तेव्हा नोंद बदललीच नव्हती. म्हणजे मूळ रंगावर गेलो तर कागद आपोआप बरोबर.

"मरूनमध्ये ती मंत्र्याची गाडी वाटते रे."

"आणि मामा, पांढऱ्यात?"

"पांढऱ्यात पण वाटायची. म्हणून तर केली होती."

मरून ठरला. काळी करून, रुंद टायर टाकून, बॉनेटवर खोटं नाक बसवून तिला अमेरिकन करायचे सल्लेही आले. जिला स्वतःचा चेहरा आहे तिला दुसऱ्याचा कशाला?

१२ ऑक्टोबर

पाऊस परतला, लांबी सुरू. एपॉक्सीवर घासून मग लांबी. उघड्या पत्र्यावर कधीच नाही, कारण लांबी स्पंजासारखं पाणी ओढते आणि थेट लोखंडाला देते. याच कारणाने ती ओल्या पेपरने घासायची नाही. लांब लाकडी ठोकळ्यावर ८० चा पॉलिश पेपर, तिरके हात, मग १८०, मग ३२०. वर काळ्या स्प्रेचा पुसट फवारा मारायचा. ठोकळा फिरला की उंचवट्यावरचा काळा जातो, खळग्यातला राहतो. डोळ्यापेक्षा हा फवारा खरं बोलतो. बोटांनी पेपर धरून घासू नये, बोटांच्या रेघा रंगानंतर उन्हात दिसतात.

मडगार्डवर आता सर्वांत जाड ठिकाणी गेज ९०० च्या आत दाखवतं.

९ नोव्हेंबर

शेवटचा रंग घरी मारला नाही. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या, क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की त्या वाफेचा थोडा संपर्कही पुरतो. साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा लागतो. माझ्यापुरती ती सोय करता येईल, पण पट्टीपलीकडे काकूंचं स्वयंपाकघर आहे. म्हणून गाडी एमआयडीसीतल्या रंगाच्या बूथमध्ये. तिथे मरून बेस, त्यावर क्लिअर, आणि ६० अंशांवर अर्धा तास भट्टी. बूथवाल्याने पत्रा पाहून विचारलं, "डेंटिंग कुणाकडून केलंत?" काकांचं नाव सांगितलं. त्यांना फोन करून हे कळवलं, तेव्हा म्हणाले, "मी तर नुसता चहा प्यायलो तिथे."

३० नोव्हेंबर

काचा नव्या रबरात बसवल्या. रबराच्या खाचेत सुतळी घालून, काच चौकटीवर दाबून, आतून सुतळी ओढत जायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. साबणाचं पाणी हवं, तेल नको.

मग परीक्षा. आतून सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर शिंपडली, मामा टॉर्च घेऊन आत, मी बाहेर नळी घेऊन. आधी सर्वांत खालून, हळूहळू वर. थेट छपरावर पाणी सोडलं की कुठून शिरलं ते कळत नाही. पन्हाळीत भरपूर पाणी ओतलं, दोन्ही बाजूंनी धार खाली रस्त्यावर. जाळीखाली आता बारीक स्टेनलेसची जाळीही आहे, गुलमोहरासाठी. तिचे स्क्रू हाताने निघतात, म्हणजे साफ करायला कुणी कंटाळणार नाही.

आतून मामा ओरडला, "डाव्या कोपऱ्यात ओघळ!" पावडरमध्ये एक बोटभर रेघ. पुढच्या काचेच्या रबराचा जोड तिथे येत होता. कड उचलून न सुकणारं सीलर भरलं. पुन्हा नळी, पावडर कोरडी.

१४ डिसेंबर २०२५

सिल, दारं आणि खांबांच्या पोकळ्यांत मेण. पातळ करून लांब नोझलने मारलं, निचऱ्याच्या भोकांतून थेंब टपकायला लागले की पोचलं असं समजायचं. टपकणं थांबल्यावर प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं आहे ना ते पाहिलं. खालच्या बाजूला या वेळी डांबर नाही, फक्त जोडांवर सीम सीलर आणि रंग, म्हणजे उद्या काही गंजलं तर दिसेल तरी.

नव्या सुरक्षा नंबरप्लेटची वेळ घेतली आहे. पासिंगची तारीख त्यानंतर.

अडलंय ते दारांच्या रबरासाठी. मूळ आकाराचं बाजारात नाही. जवळचं लावलं तर दार जोर लावून बंद करावं लागतं, आणि मग बुश घालून काय मिळवलं? जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून एका रबर काढणाऱ्या कारखान्याला दाखवला. तो डाय (साचा) करायला तयार आहे, पण किमान शंभर मीटर घ्यावं लागेल. चार दारांना मिळून लागतं पंधरा मीटरच्या आसपास. ऑर्डर दिली आहे. कुणाच्या कॉन्टेसाला हवं असेल तर जानेवारीनंतर ऐरोलीहून घेऊन जावं, मीटरमागे जो खर्च येईल त्याच भावात.